माक्याची ओळख

"विहीणबाई, मंगळागौरीच्या पत्रीतला माका कोणता, तेवढं सांगा हो. आम्हाला सगळं तण सारखंच!"

लेकीच्या सासूबाईंनी विचारलं, तसा मी त्यांच्या घरी तणाचा भारा सोडला. लांब देठावर एकटंच पिवळट फूल, ती एकदांडी. माक्याचं फूल पांढरं, बटणासारखं; देठ चुरला की बोटं काळी पडतात. लेकीला चुरून दाखवलं. मग देवीचं नाव घेत माका धुतला आणि पूजेच्या तबकात ठेवला.

"अहो, नुसता दाखवायचा होता!" विहीणबाई म्हणाल्या. "सवाष्णींची पूजा आहे."

हे गेल्यापासून मी अशा पूजेत बसतच नाही. लेकीची पहिली मंगळागौर दाराआडून पाहायची, एवढ्यासाठीच आले होते.

लेकीने तबकातला माका उचलून माझ्या हातात दिला.

"राहू दे आई. मी दुसरा खुडून आणते. आता मला ओळखता येतो."