बोटीत कोण बसतं

“भाऊ म्हणून मला, बोट रद्द झाली की लगेच मेसेज हवा, म्हणजे मी बहिणीला घ्यायला जाईन.”

नागावच्या होमस्टेच्या पडवीत धम्मदीपनं कार्ड वाचून दाखवलं. फेरीबोटीच्या तिकिटांचं अ‍ॅप करणारी ही टीम सकाळपासून ‘कुणाला, काय, कशासाठी हवं’ अशी कार्डं लिहून भिंतीवर चिकटवत होती. अ‍ॅपच्या पुढच्या टप्प्यात त्यातल्या एकाच कार्डाचं काम होणार होतं.

“हेच घेऊ,” टीमचा प्रमुख विवेक म्हणाला. “नाहीतर आमची कार्डं बघा. ‘प्रवासी म्हणून मला काळी स्क्रीन हवी.’ प्रवासी कोण, तर आम्हीच.”

अशी कार्डं लिहायला शिकवायला आलेल्या कल्पितानं विचारलं, “बोटीत कोण बसतं?”

“माझी बहीण, भावना,” धम्मदीप म्हणाला. “घर आगरदांड्याला, शाळा खाडीपलीकडे दिघीला. शिकवते तिथं.”

“तिला विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर लिहिलंय.”

“मग विचार की.”

शाळेची मधली सुट्टी होती. धम्मदीपनं भावनाला फोन लावून स्पीकरवर टाकला, कौतुकानं कार्ड वाचून दाखवलं.

“मेसेज तुला कशाला, दादा? बोटीत काय तू बसतोस?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“अगं, अडकून पडतेस म्हणून...”

“अडकत न्हाय मी. इथंच मैत्रिणीकडे, नलूकडे राहते, तिच्या हातचं सोड्याचं कालवण खाते. तूच खाडीला वळसा घालून गाडी आणतोस आणि घर येईपर्यंत ‘बदली घे, बदली घे’. दारात आई तेच. परवा कंटाळून बदलीचा अर्ज लिहायला बसले होते मी. मला ही शाळा सोडायची न्हाय, दादा.” मागं पोरांचा गलका वाढला. “मला कळू दे आधी. घरी काय सांगायचं ते मी बघीन.”

फोन बंद झाला.

“मग हे बाद?” विवेकनं हळूच विचारलं.

“कार्डावरचा माणूस तेवढा चुकलाय,” कल्पिता म्हणाली आणि कोरं कार्ड पुढं केलं.

धम्मदीपनं बराच वेळ घेतला. मग लिहिलं: ‘रोज खाडी ओलांडणारी म्हणून मला, बोट रद्द झाली की सगळ्यांआधी कळावं, म्हणजे रात्री कुठं राहायचं ते मी ठरवीन.’

“आणि भावाला?” विवेकनं विचारलं.

“ती सांगेल. वाटलं तर.”

कार्ड निवडलं गेलं.

दुपारी वारा सुटला. वाडीतले माड वाकायला लागले; आज बोट रद्द होईलसं दिसत होतं. धम्मदीपनं फोन उचलला, त्यात भावनाचं नाव काढलं आणि न लावताच तो टेबलावर पालथा ठेवला.