दोघांनाही सारखं

पावडरचा डबा न उघडताच ज्या सरकारी साहेबानं त्याच्या विक्रीच्या कागदावर सही ठोकली, तो गुन्हेगार आहे. त्याच पावडरचा एक डबा आता मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टर उलटापालटा करून बघत होते.

"वाघाचं चित्र आहे, वर 'चरबी जाळणारी किटोन पावडर' असं लिहिलंय. आत काय आणि किती, ते कुठंच नाही. अश्वजित, चार महिन्यांपूर्वी तुझ्या लिव्हरवर थोडी चरबी होती. चालायला सांगितलं होतं ना? आता चरबी वाढली, वर सूजही आली. तेवीसचा आहेस तू!"

"जिमवाले देवानंद सर म्हने, हे पेलं का चरबी आपोआप जळते," अश्वजित पुटपुटला. "मंग चालाचं कायले?"

"यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण हे आजपासून बंद. घरात आणखी कुणी घेतं?"

"नाही," अश्वजित म्हणाला.

शेजारी त्याची आई जनकाबाई बसली होती. दूध असो की अंडं, पोराला तेवढंच पोरीला. तिच्या घरात पहिल्यापासून हाच कायदा. ताकदीची पावडर एकट्या पोरानं प्यावी अन् पोरीनं तोंड पाहत राहावं? रोज सकाळी धम्मशीलेच्या दुधातही तिनं चमचा घातला होता. सपाट नाही, शीग लावून. पोरगी पंधराची.

"घेते," ती म्हणाली. "धम्मशीला. मीच देल्लं तिले."

अश्वजित ताडकन उठला. "आई! काऊन देल्लं?"

"तुले ताकद पाहिजे, तिले नाही का?"

बाहेर बाकावर बसलेल्या धम्मशीलेला डॉक्टरांनी आत बोलावलं, पोट तपासायला पडद्यामागं झोपवलं.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या!" पोरगी खिदळली.

जनकाबाईला ते हसू सोसेना. तिनं अश्वजितला देवानंदला फोन लावायला लावला आणि त्याच्या हातातून हिसकावला.

"काकू, भेऊ नका. नॅचरल हाये."

"काय काय हाये त्याच्यात?"

"ते कंपनीले माहीत. मले बंद डबे येतात. मंजुरी हाये न त्याले!"

पडद्यामागं डॉक्टर म्हणत होते, "श्वास धर, बेटा. अजून थोडा." पोरगी आता हसत नव्हती.

"मंग मी माह्या पोरीच्या पोटात काय घातलं?" जनकाबाई फोनमध्ये ओरडली. "बोल न! काय घातलं?"