भिंतीवरचं वर्तुळ

नॉटिंगहॅमला हे घर घेतलं तेव्हापासून एक पंच्याऐंशीचे गोरे आजोबा दर शनिवारी दुपारी तीनला बाजूच्या गल्लीत यायचे आणि आमच्या घराकडे टक लावून बघत उभे राहायचे. माझा नवरा गिरीश म्हणाला, "वरदा, हा कुणासाठी तरी टेहळणी करतोय." मला तर त्यांची टोपीसुद्धा संशयास्पद वाटायला लागली होती. शेवटी गिरीशने गल्लीकडच्या भिंतीवर कॅमेरा बसवला. तिथे पांढऱ्या रंगाचं एक पुसट वर्तुळ होतं, त्याच्या बरोब्बर मधोमध ड्रिल मारून.

पुढच्या शनिवारी मी बाहेर जाऊन जरा तोऱ्यातच विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

आजोबा ओशाळले. "माझे वडील इथे राहायचे. महायुद्धाआधी प्रोफेशनल फुटबॉलर होते. डावा पाय कच्चा होता, म्हणून भिंतीवर वर्तुळ रंगवून रोज त्यावर बॉल मारायचे. शनिवारी तीनला त्यांची मॅच सुरू व्हायची. त्या वेळेला येऊन ते वर्तुळ बघून जातो, बस्स."

मग कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी काळजीने विचारलं, "चोरांचा त्रास आहे का हो तुम्हाला?"