ओकचा अडसर

दार बाहेरून कुणीतरी ढकललं, पण ते हललं नाही.

ऑबडाया हॅलेटने खाली पाहिलं. ओकचा अडसर खोबणीत चपखल बसला होता आणि त्यावर त्याचा स्वतःचाच हात होता. कधी सरकवला, देव जाणे. सत्तावीस वर्षांत बहुतेक दर रविवारी प्रार्थना सुरू झाली की हा हात आपोआप चालायचा. आज फक्त तो चालू द्यायचा नव्हता. एवढंच काम होतं म्हाताऱ्याला, आणि तेही जमलं नाही.

"ऑबडाया," बाहेरून आवाज आला. "मी गाइल्स."

गाइल्स पिकर्ड म्हणजे गावचा शिपाई. आत, भिंतीला सारलेल्या हातमागांच्या मध्ये, बारा विणकरी माणसं बाकांवर बसली होती. पाळक अँब्रोजची प्रार्थना अर्ध्यावरच थांबली.

गेल्याच रविवारी अँब्रोजने सगळ्यांना नवा कायदा वाचून दाखवला होता. सरकारी चर्च सोडून आपापल्या रीतीने प्रार्थना करणाऱ्यांना आता कुणी तुरुंगात घालणार नव्हतं. मात्र प्रार्थना चालू असताना दाराला कडी, कुलूप, अडसर काही लावायचं नाही. लावलेलं सापडलं की सूट गेली आणि जुने सगळे कायदे पुन्हा मानगुटीवर.

"राजानं दिलंय ना? मग राजाच काढून घेईल," ऑबडाया तेव्हा म्हणाला होता.

"राजानं नाही हो, बंधू. पार्लमेंटनं दिलंय. जुना राजा पळाला, आणि या नव्याला मुकुटाआधी पार्लमेंटनं अटी वाचून दाखवल्या. मनात आलं म्हणून कायदा बाजूला सारायची सोय आता त्याला नाही."

"मग तो राजा कसला?"

"सांगितलेलं ऐकणारा," बाकावरून मर्सी म्हातारी म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखा."

सगळे हसले होते, मर्सीचा नवरासुद्धा. ऑबडायाला मात्र हसू आलं नाही, आणि त्याला कोण काय म्हणणार? सतरा वर्षांपूर्वी तेव्हाच्या राजाने अशीच सूट दिली होती, स्वतःच्या मर्जीने. ऑबडायाने भोळेपणाने अडसर काढून मागांच्या मागे टाकला. पुढे राजाची मर्जी फिरली. ती बातमी गावात पोचायच्या आधी शिपाई पोचला. दार नुसतं लोटलेलं होतं. ज्यांना नेलं त्यांत ऑबडायाची बायको टॅमसिन होती. तुरुंगातल्या तापाने ती गेली, ती परत आलीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्यामागून गादीवर आलेल्या, आणि आता पळालेल्या, त्याच्या भावानेही सूट दिली, तेव्हा ऑबडायाने अडसराला हात लावू दिला नाही कुणाला.

टॅमसिनला दंडाला धरून नेणारा शिपाई हाच, गाइल्स.

"ऑबडाया, दार उघडतोस ना?"

मर्सीने नवऱ्याचा हात धरला. बारा माणसं ऑबडायाकडे बघत होती, आणि त्यांतल्या एकाच्याही नजरेत राग नव्हता, हेच त्याला सहन होईना. एकदा दार उघडं ठेवून त्याने बायको घालवली होती. आता बंद ठेवून या सगळ्यांना घालवलं होतं.

त्याने अडसर ओढला. लाकडाचा खडखडाट साऱ्या खोलीने ऐकला, बाहेरच्यानेही ऐकलाच असणार.

गाइल्स टोपी काढून उंबऱ्यात उभा राहिला. त्याचेही केस पार पिकले होते.

"लाकूड फुगलंय वाटतं," तो म्हणाला.

बाहेर जुलैचं ऊन होतं. महिनाभरात पाण्याचा थेंब पडला नव्हता.

"फुगलं नाही," ऑबडाया म्हणाला. "अडसर लावला होता. मीच लावला."

"मी विचारलं का तुला?"

"नाही विचारलंस. पण देवाच्या दारात खोटं नाही बोलणार मी. न्यायचं तर मला एकट्याला ने. यांना ठाऊक नव्हतं."

गाइल्सने दाराकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. खोलीत मात्र त्याने पाहिलं नाही. निदान टॅमसिनला जिथून नेलं होतं, त्या दुसऱ्या बाकाकडे तरी नाहीच.

"दार उघडं आहे का एवढंच बघायला धाडलंय मला," तो म्हणाला. "उघडं आहे."

मग त्याने ऑबडायाच्या हातातला अडसर घेतला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवला. "त्याच कायद्यात आणखी एक आहे. तुमच्या प्रार्थनेत कुणी दंगा केला, तर त्याला धरायचं. ते कामही माझ्याच गळ्यात." दारामागचं ऑबडायाचं तीन पायांचं स्टूल त्याने ओढलं, उंबऱ्यात मांडलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

"जा, आत जाऊन बैस," तो म्हणाला. "दार मी बघतो."

ऑबडायाला कुठे जावं ते कळेना. सत्तावीस वर्षं तो पाळकाकडे पाठ करून, दाराला कान लावून बसत आला होता. दुसऱ्या बाकाच्या टोकाला टॅमसिन बसायची आणि शेजारी आपली शाल पसरून एक जागा धरून ठेवायची. दर रविवारी. ती गेल्यावरही त्या दोन जागांवर कुणी बसलं नव्हतं.

अँब्रोजने प्रार्थना जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू केली. ऑबडाया हळूहळू चालत दुसऱ्या बाकापाशी गेला आणि बायकोने धरून ठेवलेल्या जागेवर पहिल्यांदाच बसला.