खोली पाह्यली

सुगंधाबाईंनी आईविना वाढवलेली नात दिव्यानी दहावी पास झाली. उन्हाळाभर त्या पडवीत गोधडी शिवायच्या आणि दिव्यानी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. पुढचं कॉलेज गडचिरोलीला होतं. तिच्या बापानं, हेमराजनं, साफ सांगितलं, "पोरगी शहरात एकटी राहनार नाई. शिकली तेवढं पुरे."

सुगंधाबाई वाद घालत बसल्या नाहीत. जून लागताच त्यांनी दोघींचे कपडे गोधडीत बांधले आणि नातीचा हात धरून फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. हेमराज धावत आला.

"माय, तू कुठी चालली?"

"गडचिरोलीले. खोली पाह्यली म्या. आता पोरगी एकटी नाई."

"अन् इथी भात कोन रांधंल?"

"तू रांध," बसमध्ये चढता चढता सुगंधाबाई म्हणाल्या, "मी दोन वर्स कॉलेजात हावो."