दुसरी वेलांटी

"खोटं आहे," वेलांटीकाका म्हणाले. "बंद कर ते."

"अहो बाबा, अजून पान पुरतं उघडलंसुद्धा नाही," मुलगी म्हणाली.

"शितावरून भाताची परीक्षा. 'सुरक्षित'मधला 'सु' बघ, दीर्घ लिहिलाय. ज्याला सुरक्षित लिहिता येत नाही, तो तुझ्या आईची चित्रं काय सुरक्षित ठेवणार?"

चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून काका निवृत्त झाले होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र एकट्या न्हाव्याची, कारण वस्तरा त्याच्या हातात असायचा.

चित्रं काकूंची होती. पेन्सिलीने काढलेली चाळीस चित्रं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि मुलीने ती एनएफटी म्हणून विक्रीला मांडली. म्हणजे कागद घरातच राहणार, विकायची ती चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद. आईचं काम चार लोकांनी बघावं, एवढीच तिची इच्छा होती. भीतीही एकच होती. खोट्या बाजाराला आपलं डिजिटल पाकीट एकदा जोडलं की सगळ्या नोंदी चोराच्या घशात. तिच्या एका मैत्रिणीचं आयुष्यभराचं काम असंच एका दुपारी गेलं होतं.

म्हणून प्रत्येक मागणी आधी काकांच्या चष्म्याखालून जायची. पत्त्यात एखादं जादा अक्षर आहे का, किंमत अवाच्या सवा आहे का, घाई चाललीये का, हे ते बघायचे. आणि शेवटी शुद्धलेखन. ही शेवटची कसोटी त्यांची स्वतःची, आणि तिचा त्यांना भारी अभिमान. आजचा धरून तीन भामटे त्यांनी पकडले होते.

चौथी मागणी सोमवारी आली.

"याला एकच चित्र हवंय," मुलगी म्हणाली. "दारातले बूट. दुसरं काही नको म्हणतो. किंमत तुम्हीच सांगा म्हणतो."

त्या चित्रात दाराशी काढून ठेवलेले लहान मुलाचे बूट होते. एकाची नाडी सुटलेली. चाळिसांत सगळ्यात साधं चित्र तेच.

"किंमत तुम्हीच सांगा? गळाला लावलेलं गांडूळ आहे ते," काका म्हणाले. "संकेतस्थळ कधीचं आहे?"

"दोन महिन्यांचं. स्वतःचं छोटंसं दालन आहे त्याचं, व्यवहार तिथेच करायचाय. आणि रविवारपर्यंतच थांबेन म्हणतो."

"नवं दुकान, वर घाई. आणखी काय?"

"एकदा फोनवर बोलता येईल का, असं विचारतोय."

"बघ! फोनवर गोड बोलून पाकिटाचे गुप्त शब्द काढून घेतात. फोन करायचा नाही." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "आता तपासू दे."

दालनाच्या पहिल्या पानावर दोनच ओळी होत्या. माझे वडिल हेच माझे गुरू. हे दालन वडीलांना अर्पण.

काका खो खो हसले. "अगं, 'वडील' एकटे असले की दुसरी वेलांटी. पुढे काही जोडलं, 'वडिलांना' झालं, की पहिली. या गृहस्थाने दोन्ही नेमकं उलटं केलंय! माणसाने चुकावं तर निदान एका बाजूने तरी चुकावं. बापाच्या नावाने टोप्या घालतात लेकाचे."

मुलगी हसली नाही. "चुका सगळ्यांच्याच होतात, बाबा. दादाचं होस्टेलवरून आलेलं पत्रसुद्धा तुम्ही तांबड्या पेन्सिलीने तपासून परत पाठवलंत."

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर ना पत्र आलं, ना तो आला. घरात कुणाकडे त्याचा नंबरही नव्हता. काकू शेवटपर्यंत पोस्टमनची वाट बघत होत्या, आणि त्याबद्दल एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना हल्ली रोज वाटायचं.

"ते वेगळं," ते म्हणाले. "हे चोर आहेत. तक्रार कर."

तक्रार त्यांनीच सांगितली आणि तिने टाईप केली. बाजार चालवणाऱ्यांनी ते दालन फसव्यांच्या यादीत टाकलं. शनिवारी ते बंद झालं. जाण्याआधी त्या माणसाने एक निरोप ठेवला होता: समजलो. चित्र जपा.

"चोर सभ्य निघाला," काका म्हणाले आणि चहा प्यायले. न्हाव्याकडे गेल्यावर त्यांनी हा चौथा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला.

पुढच्या आठवड्यात मुलीने आईची पेटी उघडली. आणखी चित्रं सापडतात का बघायचं होतं. चित्रं नव्हती, तळाशी एक वही होती, इयत्ता चौथीतली, दादाची. तिने ती उघडली, एका पानापाशी थांबली, आणि वही वडिलांच्या हातात ठेवली.

काकांनी सवयीने खिशातली तांबडी पेन्सिल काढली. या वहीत त्यांची एकही खूण नव्हती. ही त्यांच्यापर्यंत कधी आलीच नव्हती. समासात मात्र काकूंच्या हाताने, अंगठ्याएवढे, दोन बूट काढलेले होते. एकाची नाडी सुटलेली.

शेजारी निबंध होता. मथळा: माझे वडिल.

खाली पहिलीच ओळ: माझ्या वडीलांना चुकलेले चालत नाही, म्हणून हा निबंध मी फक्त आईला दाखवणार आहे.