रविवारची हजेरी

क्षितिजा उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती. बाहेर दिसत होती ती फक्त बोटांची टोकं. आधी लाल होती, आता पांढरी पडली होती. तिची आई ऊर्मिला बराच वेळ तिकडेच पाहत होती. गाडीच्या सुट्या भागांवर दाब देऊन ते कधी तडकतात हे तपासणं, हे तिचं रोजचं काम. तिथेही ती अशीच, न बोलता, बघत बसे.

"वर्गातही ती अशीच बसते," तिच्या वर्गशिक्षिका फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या शाळेत दर फेब्रुवारीत शिक्षिका, मूल आणि आईबाप एका टेबलाशी बसत. बोलायचं मुलाने, आईबापांनी ऐकायचं, अशी पद्धत. "पहिलीत हिचं बोट सारखं वर असायचं. आता मी विचारलं तर बरोबर उत्तर देते, पण आपणहून बोट वर करत नाही. का गं, क्षितिजा?"

"ती जरा लाजाळू आहे," तिचा बाबा, शार्दूल म्हणाला.

"तिला सांगू दे ना."

क्षितिजाने बाबाकडे पाहिलं. मग जर्मनमध्ये सांगून टाकलं, "मला हे सगळं येतं. पुण्याच्या शाळेत झालंय. आणि पुण्याला गेलो की परत होणारच आहे."

"पुण्याची शाळा?"

ते ऊर्मिलाला समजावून सांगावं लागलं. दर रविवारी नाश्ता आवरला की जेवणाच्या टेबलावर पुण्याची शाळा भरायची. पुस्तकं तिकडून आणलेली. शार्दूल हजेरी घ्यायचा. वर्गात एकच मुलगी, ती "हजर, सर!" म्हणून ओरडायची. परत गेल्यावर पोर मागे पडायला नको, म्हणून. आता तिकडचं चौथीचं पुस्तक निम्मं झालं होतं आणि इथे ती दुसरीत बसत होती.

सांगताना ऊर्मिलाला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल बोलावं तसं ती बोलली.

फ्राऊ लिंडनर दोघांकडे वळल्या. "हिला एक वर्ग पुढे बसवूया का, असं मी गेल्या वर्षीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, विचार करून सांगतो. अजूनही जमेल. सोमवारपासून तिसरीत बसून बघू दे. फक्त तुमचा होकार हवा."

शार्दूल ऊर्मिलाकडे झुकला आणि मराठीत कुजबुजला, "अगं, पुण्यात वयावर वर्ग देतात. तिथे हिला पुन्हा खाली बसवलं तर? उगाच कशाला? पुढच्या वर्षी जाणारच आहोत आपण."

क्षितिजाने मांडीखालचा हात काढला. बोटांवर खुर्चीच्या कडेची रेघ उमटली होती. तिने एक बोट वर केलं आणि थांबून राहिली.

"बोल," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

पण प्रश्न बाबाला होता, आणि मराठीत होता. एरवी घरीसुद्धा ती जर्मनमध्येच उत्तरं द्यायची.

"बाबा, हे मागच्या वर्षीचंच पुढचं वर्ष, की नवीन?"

"वकील होणार ही," म्हणून शार्दूल हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. मग तो टेबलावरच्या गाडीच्या किल्ल्या उचलत म्हणाला, "घरी बोलू."

घरी ते बोलतच आले होते, क्षितिजा व्हायच्या आधीपासून.

ऊर्मिलाने पुन्हा त्या बोटाकडे पाहिलं. ते अजून वरच होतं. टोकाला हळूहळू रंग येत होता.

"नाही," ती शार्दूलला म्हणाली. पुढचं तिने जर्मनमध्ये सांगितलं, सावकाश, फ्राऊ लिंडनरना नीट कळेल असं.

"सोमवारपासून बसू दे तिला तिसरीत. आम्ही परत जाणार नाही."